टोक मोडलेला टिकाव

निष्ठेपुढे निसर्ग झुकतोच, असं वैजनाथराव गंभीरपणे म्हणाले. म्हणताना त्यांचा उजवा पाय गुलबक्षीच्या वाफ्यात होता.

"सर, पाय," कोकिळाबाई म्हणाल्या.

पाय निघाला. गुलबक्षी आडवी झालेली होती. झुकली होती, एवढं मात्र खरं.

मे महिना होता. मेहकर तालुक्यात कडुलिंबाच्या सावलीतही चटका बसत होता, आणि शिक्षक कॉलनीची बाग मात्र हिरवीगार होती. आज सरपंच पंजाबराव निकाल द्यायला येणार होते: इथं बाग राहायची, की दुकानांचे गाळे व्हायचे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेत वैजनाथरावांनीच उठून सांगितलं होतं, "पंचायतीच्या नळाचा थेंब न घेता ही बाग उन्हाळा काढेल. नाही काढला, तर खुशाल गाळे बांधा."

टाळ्या पडल्या होत्या. घरी आल्यावर शारदाबाई म्हणाल्या होत्या, "बोलाच्या आधी कोनाले इचारत तरी जा."

वैजनाथराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. 'हिरवाई मंडळा'चे संस्थापक, अध्यक्ष, आणि गवत उपटायच्या दिवशी मार्गदर्शक. मंडळाचा नियम एकच, येणाऱ्यानं घरचं धुण्या-विसळण्याचं पाणी बादलीत आणायचं. नियम कडक होता, बादल्या मात्र अर्ध्या यायच्या. कॉलनीत नळ आठवड्यातून एकदा, आणि धार करंगळीएवढी. बायका तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भांडी घासत, भांड्यांच्या पाण्यानं अंगण शिंपत. त्यातून उरलेल्या पाण्यावर बाग जगत होती.

नुसती जगत नव्हती, माजली होती. मधला उंबर तर वर्षाच्या आत वैजनाथरावांच्या डोक्यावर गेला. मंडळातल्या कोकिळाबाईंच्या मते ते दत्ताचं झाड, आपल्या पाण्याची सोय आपणच करतं. त्यांनी प्रदक्षिणा सुरू केल्या. वैजनाथराव श्रेय तांदळाच्या पाण्याला देत, आणि थोडं स्वतःला.

उंबर त्यांनी स्वतःच्या हातानं लावला होता. ज्या टिकावानं खड्डा खणला, तो बागेच्या फाटकावर टांगलेला होता. त्या दिवशी खणताना खाली काहीतरी टणक लागलं. लोक म्हणाले, सर, जागा बदला. सर म्हणाले, "अडचणीला बगल देणाऱ्यांतला मी नाही." पुढच्या घावाला टिकावाचं टोक मोडलं. टोक काही सापडलं नाही, रोप मात्र तिथंच लागलं. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला: 'टिकाव मोडला, जिद्द नाही!'

पंजाबराव आले. सोबत जानेफळची माणसं होती, त्यांनाही आपल्या गावात अशी बाग करायची होती. पंजाबरावांनी उंबराखालची माती चिमटीत घेऊन दाबली.

"गुरुजी, माह्या वावरात हीर आहे, तरी असा वलावा नाही. रातीतून मोटर लावून नळाचं पानी तं नाही ना घेऊन राह्यले?"

वैजनाथरावांनी फाटकाजवळच्या सार्वजनिक नळाची तोटी सोडली. नळ खोकला आणि गप्प झाला.

"तो मानसाले पानी देत नाही भाऊ, झाडाले काय देईन?" शारदाबाई म्हणाल्या.

जानेफळची माणसं हसली. पंजाबरावही हसले. मग त्यांनी घसा साफ केला.

"गाळे रद्द. बाग राहीन. गुरुजीनं शबूद पाळला."

वैजनाथरावांच्या खांद्यावर शाल पडली. अशा उन्हात शाल म्हणजे शिक्षाच, पण त्यांनी ती काढली नाही. एका बाजूनं घसरली, तर शारदाबाईंनी पुढं होऊन नीट केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी असं पहिल्यांदाच केलं.

"काही मांगनं असन तं बोला," पंजाबराव म्हणाले. "आज नाही म्हननार नाही."

इथं बसून घेता आलं असतं. पण शारदाबाईंच्या हातातली रिकामी बादली वैजनाथरावांना दिसली.

"बागेला काही नको," ते म्हणाले. "बाग स्वावलंबी आहे. माझ्या कॉलनीला पाणी द्या. गेल्या पावसाळ्यापासून धार करंगळीएवढी झाली आहे. का, ते आजच्या आज शोधा."

शालीपेक्षा जास्त टाळ्या या वाक्याला पडल्या.

"हरिओम!" पंजाबरावांनी पंचायतीच्या पाणी सोडणाऱ्याला हाक मारली. "वाल्व खोल, अन् लाइन पाहून ये. पानी कुठं मुरून राह्यलं ते सांग."

हरिओमनं कोपऱ्यावरचा वाल्व उघडला आणि खाली पाहत चालत आला. रस्ता ओलांडून, फाटकातून, गुलबक्षीला वळसा घालून तो उंबराशी थांबला.

"साहेब, लाइन अथूनच जाते. खंदू का?"

"अवश्य," वैजनाथराव म्हणाले. "फक्त मुळं सांभाळ."

हरिओमनं उंबराच्या कडेनं खणलं. मग आडवं पडून दंडापर्यंत हात चिखलात घातला, जोर लावला आणि एक लोखंडी तुकडा उपसून काढला. त्याच्यामागून पाण्याचा फवारा जानेफळच्या माणसांपर्यंत गेला. हरिओमनं तुकडा पँटला पुसला आणि वर धरला. एका बाजूनं तो टोकदार होता.

"हे कोनाचं हाय?"

सगळे फाटकाकडं पाहत होते. शारदाबाईंनी बादली फवाऱ्याखाली लावली.

संध्याकाळी पाइप जोडला गेला, आणि कॉलनीत नळाचं पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं.