एसटीला सलाम

"उद्या सकाळी सातची एसटी येईपर्यंत या चाकात हवा टिकली, तर मी गळ्यात जुन्या ट्यूबांचा हार घालून नाक्यावर उभा राहीन. येईल त्या एसटीला सलाम ठोकीन." भजीवाल्या पोशानं झारा नाचवत पैज लावली.

"आणि नाय टिकली तर?" सायकलवाल्या नागूनं मान वर न करता विचारलं.

"तर तू ठोक. ट्यूबा तुझ्याच दुकानातल्या. हार घरचाच."

कशेळ्याच्या नाक्यावर हशा पिकला. पलीकडं भाजी लावून बसलेली संध्यावहिनी म्हणाली, "मी मोजणार हां. एक बी एसटी सोडायची नाय."

नागू हसला नाही. हसायलाही अंगात हवा लागते.

आज तिसरा दिवस. सायकल भाग्यश्रीची. ती आरोग्य खात्याची आशाताई, वरच्या वाड्यांवर फिरणारी. कुणा संस्थेनं तिला गिअरची सायकल दिली, पण त्या वाटेवरच्या काट्यांपुढं गिअर काय करणार? म्हणून हे बिनट्यूबचं खूळ. ट्यूब काढून टाकायची, रिमला आतून टेप मारून तारांची भोकं बुजवायची, टायरमध्ये दुधासारखं औषध ओतायचं. काटा घुसला की औषधच भोक बुजवतं. सामान तिनं कुरिअरनं मागवलं, डोकेदुखी नागूला आली. चाक संध्याकाळी दगड, सकाळी पापड. तीन दिवस पोरगी पायी वर जात होती.

"नाय जमत तर सांग की तिला," पोशा म्हणाला. आता आवाज खाली.

"उद्या सांगतो." नागूनं जुनी टेप उचकटली. "आज बी हवा टिकली नाय, तर सोमवारपासून मी नेरळला. आमच्या मनोजनं सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवलीय बापासाठी. खुर्ची हाय, पंखा हाय. गुडघ्यांना आराम."

"तिथं भजी कोण घालील तुला?"

"तुझ्या भज्यांपासून सुटका, हा बी फायदाच हाय."

पोशानं झारा कढईत टाकला. भजी करपली तरी तो नागूच्या चाकाकडंच बघत होता. त्याच्या बाबतीत हे जरा नवीन होतं.

नागूनं कानस घेतली. बत्तीस वर्षांची सवय. पंक्चरचा पॅच मारायच्या आधी ट्यूब खरवडायची, म्हणजे सोल्युशन धरतं. तशीच त्यानं रिम आतून खरवडली. चौथ्यांदा. उरलेली टेप ओढून बसवली, व्हॉल आवळला, टायर चढवला, औषध ओतलं. मशीननं हवा मारली तसा टायर दोनदा फटाक्यासारखा वाजला आणि कडेला बसला. साबणाचं पाणी फिरवलं. एकच बुडबुडा आला, तोही विचार करून करून फुटला. नागूनं चाक वळचणीला बादलीवर आडवं ठेवलं, शटर ओढलं आणि कंबर धरून घरी गेला.

सकाळी सातला दहा मिनिटं असताना त्यानं टायर दाबला. अंगठा आत गेला नाही. दगड.

"हरलो रं बाबा!" पोशा जणू तयारीतच होता. तीन ट्यूबा गळ्यात अडकवून तो नाक्यावर जाऊन उभा राहिला. कर्जतची एसटी आली तसा त्यानं पाय आपटून सलाम ठोकला. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "काय रं, निवडणुकीला उभा हायस काय?"

नाका पोट धरून हसला. नागूलाही बरं वाटलं. क्षणभरच.

हवा त्यानं काल मारली होती त्याहून जास्त होती. हे आधी अंगठ्याला कळलं, मग त्याला. व्हॉलच्या टोपीवर पिवळं काहीतरी वाळलं होतं. त्यानं नखानं काढून पाहिलं. बेसन. बाहेर साखळीनं बांधलेल्या हातपंपाच्या मुठीवरही बेसन.

त्यानं चाकाला कान लावला. सूंऽऽ. साबणाचं पाणी फिरवलं, तारांच्या मुळाशी बुडबुडे. हात सवयीनं कानशीकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. पॅचला खडबडीत लागतं. टेपला लागतं गुळगुळीत. हवा त्याच ओरखड्यांतून टेपखालून पळत होती. तीन दिवस तो गळती शोधत होता, आणि स्वतःच्याच हातानं कोरत होता.

"झालं का, काका?" भाग्यश्री खांद्याला पिशवी अडकवून उभी होती.

तिकडून पोशा हार घालून टक लावून बघत होता. हो म्हण, हो म्हण, असे डोळे.

"नाय झालं," नागू म्हणाला.

"आं? मग हा कशाला सलाम ठोकतोय?" संध्यावहिनीनं मेथीची जुडी खाली ठेवली.

नागूनं खिळ्यावरच्या उरलेल्या ट्यूबा काढल्या, गळ्यात घातल्या, आणि गुडघे सांभाळत जाऊन पोशाच्या शेजारी उभा राहिला.

"पंप मारायच्या आधी हात धुवावं, रं," तो हळूच म्हणाला.

पोशानं आपले हात पाहिले. मग ते पाठीमागं घेतले.

"म्हंजे आज बी पायीच." भाग्यश्रीनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग मी येऊ तरी कधी, काका?"

मुरबाडकडची एसटी वळणावर दिसली. दोघांनी सलाम ठोकला.

"नवी टेप मागवतो. रिम बी पॉलिश पेपरनं घासायला लागंल," नागू गाडीकडं बघत म्हणाला. "सोमवारी ये. मी हाय दुकानावर."

एसटी गेली. धूळ खाली बसली. पोशाचा हात मात्र अजून कपाळालाच होता.