मार्लीसच्या गाई

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या आपल्या गोठ्यात मार्लीसने वडिलांच्या माघारी चाळीस गाई वाढवल्या होत्या. सत्तेचाळिसाव्या वर्षानंतर मात्र तिचं अंगच चालेना. ऐन जुलैत ती स्वेटर घालून धारा काढायची आणि उभ्या उभ्या पेंगायची. “वहिनी, पाळी जायच्या वयात असंच होतं. माझं नाही का झालं?” नणंद म्हणायची. डॉक्टरही तेच म्हणाले. रक्त तपासावं असं त्यांना वाटलं नाही. एका सकाळी ती गाईच्या पायाशीच झोपी गेली, तुडवली जाता जाता वाचली. तेव्हा तिचा नवरा व्हर्लिन म्हणाला, “बास झालं आता. गाई राहतील, पण तू नाही राहायचीस.” ऑक्टोबरात गाईंचा लिलाव झाला. डॅफ्नी नावाची म्हातारी गाय ट्रकमध्ये चढेना, तेव्हा मार्लीसनेच तिला चुचकारून आत घातलं. महिन्याभराने नव्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला, रक्त तपासलं. “हे पाळीचं नाही, थायरॉइडचं आहे,” त्या म्हणाल्या. “रोज एक गोळी घ्या. उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत व्हाल.” झालंही तसंच. मे महिन्यात एका पहाटे, धारा काढायच्या वेळेला, ती आपसूक जागी झाली. हातपाय ऊबदार होते, अंगात पूर्वीचं बळ होतं. व्हर्लिनला जाग आली तेव्हा ती पलंगाच्या काठावर बसून बूट चढवत होती. “एवढ्या लवकर कुठे निघालीस गं?” त्याने विचारलं. तिचा हात थांबला. “कुठेच नाही,” ती म्हणाली, आणि उजाडेपर्यंत तशीच बसून राहिली.