निम्म्या भाड्याची खोली

मॉरिशसहून चेन्नईला शिकायला आलेल्या यशिनीला अड्यारमधली ती खोली निम्म्या भाड्यात मिळाली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. घरून येणारे पैसे फीमध्येच संपत होते. घरमालकीण त्रिपुरसुंदरीमामी तंजावरकडच्या मराठी. त्यांची अट एकच होती. मुलगी नित्या वारल्याचं त्यांनी आंधळ्या नवऱ्याला, आप्पांना, सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी आप्पांनी नित्याला हाक मारली, की यशिनीने ओ द्यायची. पहिल्या दिवशी तिचा आवाज कापला. पुढे सवय झाली. आप्पांचा उजळलेला चेहरा पाहून तिलाही बरं वाटू लागलं. एकदा बस चुकली आणि तिला उशीर झाला. धावतपळत जिना चढून ती दाराशी पोचली, तोच आतून हाक आली, "नित्या, आलीस का गं?" यशिनी तोंड उघडणार, एवढ्यात तिच्याच खोलीतून कुणीतरी म्हणालं, "आले, आप्पा." आप्पा खुर्चीत ताठ झाले. "आज बोललीस गं माझ्या पोरीसारखी!" म्हणत ते रडू लागले. मामी दारात आल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "मामी, आत कोण आहे?" "रागावू नको, बाळ," मामी हळूच म्हणाल्या, "पण आता ती खोली आम्हाला लागेल." "मी कुठे जाऊ? एवढ्या पैशांत कोण ठेवील मला?" मामी दारातून बाजूला झाल्या. खोलीत दिवा नव्हता. अंधारात कुणीतरी यशिनीच्या कपड्यांच्या घड्या घालून तिची बॅग भरत होतं.