वाळूची पोती

“पहाऱ्याला तुम्ही आलात आणि शाळाच ओस पडली, हवालदारसाहेब,” त्या परक्या मुलखातल्या शाळेच्या बाई म्हणाल्या. “मुलं बंदुकांना घाबरतात. सोमवारपर्यंत आली नाहीत, तर शाळेला कुलूप लागेल.”

शांतिसेनेतले हवालदार निकम फाटकापाशी रचलेल्या वाळूच्या पोत्यांकडे बघत राहिले. मग बंदूक जोडीदाराकडे देऊन त्यांनी एक पोतं फोडलं, वाळू अंगणात पसरली आणि लहानपणी आजोबांनी शिकवला होता तसा बोटानं मोठा ‘अ’ काढला.

कुंपणाआडून बघणारी एक मुलगी हळूच आत आली. तिनं ते अक्षर पुसलं, निकमांचं जाड बोट धरलं आणि आपल्या भाषेतला ‘अ’ गिरवून घेतला.

मग गल्लीकडे वळून ओरडली, “या रे सगळे! शिपायाला तर काहीच येत नाही!”