टॉर्टियांचं फडकं

विद्यापीठ दाखवायला मी एकट्या येसेनियाला बोलावलं होतं. ती आई, दोन मावश्या आणि आजोबांना घेऊन आली. आमच्याकडे शिकणाऱ्या मेक्सिकन मुलांत एकट्याने कुठे जायची पद्धतच नाही.

टेक्सासमधल्या आमच्या छोट्या कॉलेजातून मुलांना पुढच्या शिक्षणासाठी विद्यापीठात पोचवणं हे माझं काम. येसेनियाला प्रवेश मिळाला होता, पण आई हटून बसली होती. पोरगी घराबाहेर राहणार नाही!

वसतिगृहात मी मोडक्या स्पॅनिशमध्ये शिष्यवृत्तीचं पुराण लावलं. आईचं लक्षच नव्हतं. ती थेट स्वयंपाकघरात शिरली. शेगडी पेटवून बघितली, मग पिशवीतून भरतकाम केलेलं फडकं काढून गाठ सोडली. आत टॉर्टिया होत्या, अजून कोमट. माझी आई पोळ्या अशाच बांधून द्यायची.

सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं. येसेनिया फडकं पिशवीत घालायला लागली, तर आईने ते काढून घेतलं, घडी घातली आणि ओट्याच्या खणात ठेवलं.

“अगं आई, विसरशील!”

“राहू दे तिथंच. ऑगस्टमध्ये राहायला येशील तेव्हा लागेल.”

याच वसतिगृहात जागा मिळेल, असं काही ठरलेलं नव्हतं. ते जमवणं आता माझं काम.