तिसऱ्या फेरीची घंटा

घंटा वाजली आणि टीव्हीवरच्या काकासाहेबांच्या बॉक्सरनं दोन्ही हात खाली सोडले. समोरून लाल बनियनवाला आला आणि सटासट चार ठोसे देऊन मागं सरला. काकासाहेबांनी एकही बटण दाबलं नाही.

"तुमी बी मारा की एखादा," मेथी निवडत सुरेखाबाई म्हणाल्या.

"एकदा मारलाय त्याला. बास झालं."

सुरेखाबाईंनी मेथीची पुढची जुडी ओढली.

दोन वर्षांपूर्वी विश्वजीत वाळूजची नोकरी सोडून आला आणि आता फक्त बॉक्सिंगच करणार म्हणाला. काकासाहेबांनी भर गल्लीत त्याच्या थोबाडीत दिली. रिंगमध्ये भल्याभल्यांना आडवं करणारा पोरगा, पण बापासमोर त्यानं मूठसुद्धा वळली नाही. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. टीव्हीखालचा व्हिडिओ गेमचा डबाही नव्हता. फोन बंद. कुणी म्हणे पुण्यात दिसला, कुणी म्हणे सुरतेत.

सिडकोत काकासाहेबांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. यंदा उन्हाळ्यात शिवम नावाचं एक गिऱ्हाईक कूलरची मोटर घेऊन आलं. बोलता बोलता विश्वजीतच्या बॉक्सिंगच्या गेमचा विषय निघाला, तसं म्हणालं, "काका, हा गेम खेळणारा कुठंबी असू द्या, नावानं सापडतो."

विश्वजीतचं खेळातलं नाव काकासाहेबांना पाठ होतं. वर्षानुवर्षं त्यांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं, तेही करवादत. त्यांनी जुना डबा विकत आणला. स्वतःसाठी नाव घेतलं 'बारक्या'. विश्वजीतला लहानपणी घरात बारक्या म्हणायचे. चार माणसांपलीकडं ते कुणाला ठाऊक नव्हतं. पोरगा ओळखेल, एवढीच आशा.

तिसऱ्या रविवारी विश्वजीतचं नाव हिरवं झालं, म्हणजे तो खेळायला बसला होता. सामन्याचं बोलावणं पाठवताच त्यानं ते लगेच घेतलं. त्या दिवशी सुरेखाबाई कितीतरी वेळ टीव्हीच्या काचेवर हात ठेवून उभ्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता सामना. शब्द नाही, नुसते ठोसे. काकासाहेब ते मुकाट खायचे. लागत नव्हतं तरी बरं वाटायचं.

सामन्याच्या थोडं आधी लासूर स्टेशन गावाहून राजनंदिनीचा फोन यायचा. विश्वजीतच्या पाठची, दोन वर्षांमागं सासरी गेलेली.

"अण्णा, दादाचं काई कळलं का?"

"नाय गं."

लेकीशी खोटं बोलताना त्यांची जीभ अडखळायची. पण बोभाटा झाला आणि तो बिथरून पुन्हा नाहीसा झाला तर? तीही फार रेंगाळत नसे. "ठेवते, लई काम पडलंय," म्हणायची.

आज दुसऱ्या फेरीत अजब झालं. लाल बनियनवाल्यानं उगारलेला हात मध्येच थांबवला. मग दोन्ही हात खाली सोडले. रिंगमध्ये दोघं समोरासमोर नुसते उभे. खेळातली गर्दी हुर्यो करू लागली. तिसऱ्या फेरीची घंटा झाली, तीही तशीच संपली.

"अहो," सुरेखाबाईंचा आवाज कापत होता, "वळखलं त्यानं."

काकासाहेबांचे डोळे भरून आले. गेल्या आठवड्यात शिवमनं त्यांना निरोप लिहायची जागा दाखवून ठेवली होती. 'विशू, माझं चुकलं, घरी ये' एवढंच लिहायचं होतं. एकेक अक्षर शोधत ते कसेबसे 'विशू'पर्यंत पोचले.

तेवढ्यात पलीकडूनच निरोप आला. डोळे पुसून त्यांनी तो वाचला.

'दादा, तूच आहेस ना? तुझा पासवर्ड मला ठाऊक होता. तू सापडशील म्हणून तुझ्या नावानं मीच बसते रे इथं. घरी ये. अण्णांची समजूत मी काढते.'