लाल पापड

ऐंशी सालच्या चैत्रात, पिंपळगावला आमच्या अंगणात गल्लीतल्या बायका उडदाचे पापड लाटत होत्या आणि मी सारखी न्हाणीत जाऊन येत होते. मला दिवस गेल्याचं सासूबाईंनी कालच सगळ्यांना सांगितलं होतं आणि आज डाग दिसला होता, थेंबभर, तपकिरी. विटाळशीचा हात लागला की पापड तळताना लाल होतात, म्हणून सासूबाई त्या दिवसांत माझी सावलीही पिठावर पडू देत नसत. लाटायला बसावं तर पाप, न बसावं तर पोर गेलं म्हणून गल्लीभर बोभाटा. मी उगाच पाणी दे, चादर ओढ, असं करत राहिले. "काय गं, लाटणं चावतं का तुला?" शेजारच्या चतुराबाईंनी विचारलं आणि सगळ्यांचे हात थांबले. सासूबाईंनी मला आत नेलं. मी कानात सांगितलं. "दुखतंय का पोटात?" "नाही." "लय जातंय?" "नाही, डागच." "मग पाळीच आली असं कोण म्हणलं? तुझ्या नवऱ्याच्या वेळी मलाबी दिसला होता. समद्यांचं टिकतं असं नाय, पण डाग दिसला म्हंजी गेलंच, असंबी नाय. दुपारच्या एस्टीनं नाशकाला डॉक्टरीणबाईंकडं जाऊ. तवर दुखलं, वाढलं, तर लगेच बोल." मी पुन्हा न्हाणीकडे वळले, तसा त्यांनी माझा हात धरला, मला बायकांत आणून बसवलं आणि लाटणं पुढ्यात ठेवलं. "आत्याबाई, पापड लाल झाले तर?" मी सासूबाईंकडे वळून पुटपुटले. "लाल झालेले मी खाईन," त्या म्हणाल्या. "लाट तू."